चार आकड्यांमागचे राजकारण

नवी दिल्ली : घरच्या इंटरनेटचा वेग मंदावला की 'डीएनएस बदलून पाहा' हा सल्ला हमखास मिळतो. राऊटरमध्ये चार आकड्यांचा एक पत्ता बदलायचा, एवढेच ते काम. पण घरातील इंटरनेट-व्यवहाराची माहिती कोणाच्या हाती राहावी, हा राजकीय प्रश्न त्यात दडलेला आहे.

पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये आखलेली डोमेन नेम सिस्टिम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देते. ग्राहकाने काहीच बदल केला नाही, तर हा शोध जोडणी देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर होतो. साहजिकच कोणत्या घरातून केव्हा कोणत्या संकेतस्थळाची विचारणा झाली, हे त्या कंपनीला कळू शकते. याला पर्याय म्हणून गूगलने डिसेंबर 2009 मध्ये 8.8.8.8 ही, तर क्लाउडफ्लेअरने एप्रिल 2018 मध्ये 1.1.1.1 ही मोफत सेवा सुरू केली.

वेगाबाबतच्या अपेक्षा मात्र बेतानेच ठेवलेल्या बऱ्या. पत्ता लवकर मिळाला की पान उघडतानाचा आरंभीचा विलंब घटतो. जोडणीची क्षमता वाढत नाही. कंपनीचा सर्व्हर नीट चालत असेल, तर तोच बहुधा सर्वांत जवळचा असतो. शिवाय चित्रफिती ग्राहकाच्या जवळच्या साठ्यातून मिळाव्यात, यासाठी गूगलची सेवा ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवते. क्लाउडफ्लेअर गोपनीयतेसाठी सहसा तसे करत नाही. त्यामुळे क्वचित लांबच्या साठ्याशी गाठ पडते. म्हणजे वेग आणि गोपनीयता या दोन गोष्टी नेहमी एकाच बाजूला नसतात.

गोपनीयतेचे गणित याहून अवघड आहे. साधी डीएनएस विचारणा उघड्या पत्रासारखी असते. केवळ आकडे बदलले, तरी जोडणी देणारी कंपनी ती वाचू शकते, इतकेच नव्हे तर परस्पर वळवूही शकते. त्यासाठी विचारणा कूटबद्ध करणारी 'डीएनएस ओव्हर टीएलएस' आणि 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' ही मानके अनुक्रमे 2016 व 2018 मध्ये आली. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय फोनमध्येच आहे. तरीही संकेतस्थळाशी जोडणी होताना त्याचे नाव बहुतेक वेळा उघडच राहते.

दिल्लीचा संबंध येथे येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ नुसार केंद्र सरकार संकेतस्थळे रोखण्याचे आदेश देते आणि 2009 च्या नियमांनी त्या कार्यवाहीभोवती गुप्ततेचे कवच घातले आहे. 2015 मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम 66अ रद्दबातल ठरवले; पण 69अ आणि हे नियम कायम ठेवले. या आदेशांच्या अंमलबजावणीचा एक सोपा मार्ग म्हणजे डीएनएसमधून चुकीचे उत्तर देणे. पर्यायी सर्व्हर निवडणारा ग्राहक वेगासाठी तसे करत असला, तरी नकळत या बंदीला वळसा घालतो.

सरकारांना हा वळसा रुचत नाही. फ्रान्समध्ये 2024 मध्ये न्यायालयाने क्रीडा प्रक्षेपणाच्या चोरीवरून सार्वजनिक डीएनएस सेवांनाच काही संकेतस्थळे रोखण्यास सांगितले, तेव्हा सिस्कोने आपली ओपनडीएनएस सेवा तेथून काढून घेतली. भारतातही सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्यास सांगितल्यावर काहींनी आपले सर्व्हर देशाबाहेर नेले.

सर्व्हर बदलणे म्हणजे विश्वासाची जागा बदलणे होय. देशी कंपनी भारतीय कायद्याला बांधील आहे, पण सरकारच्या हाताशीही आहे. परदेशी कंपनी नोंदी लवकर पुसण्याची हमी देते; मात्र ती हमी तिच्या धोरणाएवढीच टिकाऊ आणि ती कंपनी अमेरिकेच्या कायद्याखाली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले खरे. पण 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडेच ठेवला.

कोणता सर्व्हर वापरावा, हे ग्राहकाने आपल्या घरापुरते ठरवावे. नोंदी किती काळ ठेवाव्यात, त्या कोणी पाहाव्यात आणि रोखलेल्या संकेतस्थळाचे कारण नागरिकाला का कळू नये, हे मात्र राऊटरमध्ये ठरत नाही. ते संसदेनेच ठरवायचे आहे, आणि तेही उघडपणे.