बोधकथा माइकवर, पोरं अंगठे धरून

परिपाठ चालू असतो. एक मुलगी माइकवर भूतदयेची बोधकथा सांगत असते आणि त्याच वेळी उशिरा आलेली चार-पाच पोरं फाटकाजवळ अंगठे धरून ओणवी उभी असतात. त्यांतल्या एकाची चड्डी उसवलेली. मागची रांग फिदीफिदी हसते. सर तिकडे बघतात आणि तेही हसतात. त्या दिवसाचा खरा धडा तिथंच शिकवून होतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली. जिभेला कुणी हात लावला नाही. ‘तुझ्याच्यानं व्हायचं नाही, म्हशी राखायला जा,’ असं म्हणताना समोरच्या बाकावर म्हशी राखणाऱ्याचाच मुलगा बसलाय, याचं भान नसतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना जातीचा पुकारा करून पोरांना उभं करणारेही आहेतच. आणि पालक? ‘खुशाल चोपा सर, आमची तक्रार नाही,’ हे आपणच सांगून येतो.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वाधिक महाराष्ट्रात. आपण मोबाइलला शिव्या घातल्या आणि पोरांना पुढच्या क्लासला बसवलं.

आता म्हणे वेळापत्रकात जीवनकौशल्यांचा तास! परीक्षा तोंडावर आली की तो गणिताच्या सरांना जाणार, हे पोरांनाही ठाऊक असतं. खरं तर सुरुवात मोठ्यांपासून करावी लागते. १९६८ मध्ये जेम्स कोमर हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ न्यू हेवन शहरातल्या दोन शाळांत गेले. गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुलं, मारामाऱ्या, निकाल तळाला. कोमर यांनी मुलांना सुधारण्याआधी मोठ्यांना एका टेबलाशी बसवलं. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, समुपदेशक सगळे. आणि अट अशी, की कुणी कुणावर खापर फोडायचं नाही. पुढं हजेरी सुधारली, गुणही वाढले. आपल्याकडे २००९ मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, २०१८ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत आनंदाचा रोजचा तास आला. चांगलंच झालं. पण तास संपल्यावर शिक्षक-खोलीत काय चालतं?

संस्थाचालक मुख्याध्यापकांना चारचौघांत झापतात. मुख्याध्यापक तो राग सहशिक्षकावर काढतात. वर्षानुवर्षं विनाअनुदानित तुकडीवर राबणारा तो शिक्षक वर्गात येऊन पोराला ‘गाढवा’ म्हणतो, आणि दुपारी तेच पोरगं खिचडी वाढणाऱ्या मावशींवर ‘ए बाई, वाढ की’ म्हणून खेकसतं. त्या पोराला तेवढं आपण समुपदेशकाकडे पाठवतो. संस्थाचालकांना कोण पाठवणार? ते तर भावनिक शिक्षणाच्या कार्यशाळेचं उद्घाटन करायला निघालेत, आणि फाटकावर त्यांच्याच शाळेचा निकालाचा फ्लेक्स लागलाय. नव्वद टक्क्यांखालचा एकही चेहरा त्यावर नाही.