परसातला काढा आणि त्याची वेस

पौष लागला की सुरतेत पोंकाचे ठेले दिसू लागतात, उंधियूच्या पाट्या झळकतात आणि त्याच सुमारास घरोघरी नाकेही वाहू लागतात. पहाटे तापीवरून येणारा गारवा आणि दुपारचे तापते ऊन यांच्या कात्रीत मुले व वृद्ध प्रथम सापडतात. अशा वेळी बाजारातली बाटली न आणता, आपल्याच गावात उगवणाऱ्या व आपल्याच चुलीवर सिद्ध होणाऱ्या औषधांवर सर्दी-पडसे निभावता येईल का, असे काही भगिनी विचारतात. येईल, परंतु त्या औषधांचे काम कोणते आणि त्यांची वेस कोठे संपते, हे ठाऊक असले पाहिजे.

प्रथम परसाकडे पाहू. तुळस तर दारातच असते. गवती चहा इथल्या भाजीबाजारात ‘लीली चा’ या नावाने पुदिन्याच्या जुडीशेजारी मिळतो. कुंडीत सहज वाढणारे जाड, लवदार पानांचे ओव्याचे झाड खऱ्या ओव्याचे नव्हे. केवळ वासाने ते त्याचे भावंड वाटते. कुंपणाला लावलेला अडुळसा शेजारीण ‘अरडूसी’ म्हणून ओळखते. आपली आजी ज्याला काढा म्हणते त्याला शेजारच्या बा ‘उकाळो’ म्हणतात. नावे दोन असली तरी भांडे एकच. दोन पेले पाण्यात बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, गवती चहाच्या चार-पाच पाती, तुळशीची आठ-दहा पाने व दोन मिरे घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे आणि गाळून कोमट प्यावे. दिवसातून दोन वेळा पुरे. अधिक प्याल्याने गुण अधिक येत नाही, पित्त मात्र खवळते. 2020 सालच्या साथीत दिवसभर काढे पिऊन पोटाची आग ओढवून घेतलेली माणसे अनेकांच्या स्मरणात असतील.

परसात न मिळणारे ते काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. त्या मालाला इथे ‘गांधियाणा’ म्हणतात. तेथली सुंठ आणि गंठोडा, म्हणजे आपले पिंपळमूळ, गुजराती घरातल्या राबेत पडतात. तुपावर भाजलेले बाजरीचे पीठ, गूळ, पाणी आणि चिमूटभर ही पूड, एवढ्यावर राब होते. देशावरून आलेल्या घरांत हेच काम हुलग्यांचे माडगे करते. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत वसलेल्या खानदेशी कुटुंबांना बाजरी काही नवी नाही. त्यांनी शेजारणीकडून राब शिकून घ्यावी आणि तिला माडगे शिकवावे. तोंडाला चव नसलेल्या माणसाच्या पोटात गरम, पातळ आणि पोषक असे काही जाणे हाच यातला मुख्य लाभ.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्दी आणि फ्ल्यू हे विषाणूंचे विकार आहेत आणि वरीलपैकी एकही वस्तू त्या विषाणूंना मारीत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच परतवून लावते. मग काढा काय करतो? तो घसा ओला ठेवतो, अंगातले पाणी कमी होऊ देत नाही, आणि त्याच्या वाफेने नाक घटकाभर मोकळे होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घशाची खवखव शमते. झोपताना चमचाभर मध घेतल्यास रात्रीचा खोकला कमी होतो. थोडक्यात, ही औषधे रोगाशी लढत नाहीत. लढणाऱ्या रोग्याला सांभाळतात. हे काम हलके समजू नये. पण सांभाळणे म्हणजे बरे करणे, असा घोटाळाही होऊ देऊ नये.

अडुळशाचेच पाहा. त्याच्या पानातील ‘व्हॅसिसिन’ या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ‘ब्रोमहेक्झिन’ हे कफ पातळ करणारे औषध घडविले, आणि ते आज अनेक खोकल्याच्या औषधांत असते. बडोद्याच्या अलेम्बिक कारखान्याच्या ‘ग्लायकोडिन’ बाटलीवर एके काळी ‘टर्प वासाका’ असे छापलेले असे. वासाका म्हणजे अडुळसाच. 1907 साली हा कारखाना उभारणाऱ्यांत त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे सुपुत्र होते, आणि त्यांच्या सोबत कोटिभास्कर हे मराठी गृहस्थही होते. म्हणजे कुंपणावरचे पान आणि दुकानातली बाटली ही परस्परांची वैरी नव्हेत. फरक मोजमापाचा आहे. बाटलीत किती द्रव्य आहे ते लिहिलेले असते. पानात किती आहे ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये, आणि लहान मुलांना तो अंदाजाने पाजू नये.

या शहराने दोन वेळा मोठा धडा घेतला आहे. 1918 च्या इन्फ्ल्युएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत कल्याणजी मेहता व दयाळजी देसाई यांच्या आश्रमांतील विद्यार्थ्यांनी घरोघर औषधे पोचवून रोग्यांची विचारपूस केली. त्या काळी कोणापाशीच रामबाण औषध नव्हते. सांभाळणे एवढेच हाती होते. पुढे 1994 च्या सप्टेंबरात वेड रोड भागातून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. तोही आजार ताप आणि खोकल्यानेच सुरू होतो. या वेळी मात्र टेट्रासायक्लिन हे औषध उपलब्ध होते आणि वेळेवर मिळाल्यास ते प्राण वाचवीत होते. अशा प्रसंगी घरातल्या काढ्यावर विसंबून घालविलेला एक दिवसही घातक ठरतो. खोकला दारात आला म्हणजे तो कोणाच्या घरचा आहे, हे आवाजावरून ओळखू येत नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आपल्या काही जुन्या रीती निःसंकोच सोडाव्यात. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. कापूर घातलेले तेल त्याच्या छातीला चोळू नये. कापूर बाळाला विषासमान आहे. नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरू शकते. ओव्याची धुरी कोंडलेल्या खोलीत त्याचा श्वास अधिकच अडवते. मुलांना वाफारा देताना उकळते पाणी सांडून भाजण्याचे प्रकार घडतात, तेव्हा तोही टाळावा. बाळाला अंगावरचे दूध वारंवार पाजावे आणि ऊब द्यावी.

आता वेस कोठे आहे ते सांगते. मूल शांत असताना पुरते एक मिनिट घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 वा अधिक श्वास भरले, किंवा श्वासागणिक पोट उडून छाती आत ओढली जाऊ लागली, तर चूल विझवा आणि दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त दिसणे, गुंगी येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही त्याच जातीची लक्षणे होत. गर्भवती, वृद्ध, मधुमेही व दमेकरी यांना फ्ल्यूची शंका येताच पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. फ्ल्यूवरील औषधाचा खरा उपयोग तेव्हाच होतो. दोन आठवड्यांवर रेंगाळलेल्या खोकल्यासाठी क्षयाची तपासणी करून घ्यावी.

शेवटी, एका औषधाविषयी बोलावेच लागेल. ते ना परसात उगवते, ना गांधियाणात मिळते. ते म्हणजे विश्रांती. यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पुरुषाला आणि त्याच्या आधी उठून डबा भरणाऱ्या त्याच्या पत्नीला तापातही सुटी घेणे परवडत नाही. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. काढा पिऊन कामावर गेलेला माणूस शूर ठरत नाही. त्याचा आजार लांबतो आणि शेजारच्या मागावरही पोचतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या कामकरणीला तापाच्या दिवसांची रजा पगारासह द्यावी. ज्या घरात पुरुष आजारी आहे तेथे शेजाऱ्यांनी दोन दिवसांचा डबा पोचवावा. आणि घरातली गृहिणी आजारी पडली तर उकाळ्याचे भांडे इतरांनी चुलीवर चढवावे, कारण सर्वांना सांभाळणारीला सांभाळणारे कोणी असतेच असे नाही.