घड्याळ घ्या ते बांधण्यासाठी

दादरा-नगर हवेलीतलं खेरडी हे गाव. एका बाजूला वारली-कोकणा पाडे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. करसवलतीच्या काळात सिल्वासा परिसरात जे कारखाने आले, त्यांनी मालक, भागीदार, जॉबवर्कवाले, ठेकेदार आणि बऱ्या पगाराचे मॅनेजर असा एक वर्ग उभा केला. या वर्गाच्या गप्पांत पूर्वी जमिनीचा भाव असायचा, आता घड्याळांचाही असतो. कोण मुंबईला जाऊन काय घेऊन आला, कोणाचं नाव कोणत्या वेटिंग लिस्टमध्ये आहे, कोणत्या मॉडेलला ‘प्रीमियम’ आहे, हे सगळं तोंडपाठ असतं. घड्याळ घेण्याला माझा आक्षेप नाही. घेताना जो युक्तिवाद केला जातो, तो मला खोटा आणि नुकसानकारक वाटतो. त्याच्या खंडनासाठी हा लेख.

पूर्वपक्ष थोडक्यात असा: नामांकित स्विस घड्याळाची किंमत दर वर्षी वाढते, जुनं झालं की ते संग्राह्य होतं, म्हणून पाच लाखांचं घड्याळ घेणं हा खर्च नाही, ती गुंतवणूक आहे. म्हणून ते वापरू नये, मागच्या झाकणावरचा स्टिकरसुद्धा काढू नये, खोक्यासकट लॉकरमध्ये ठेवावं आणि पंधरा वर्षांनी विकावं.

आधी हिशेब. दुकानातून पाच लाखांना घेतलेल्या घड्याळात 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे त्यातले सुमारे 76 हजार रुपये सरकारजमा झाले. विकताना ते परत मिळत नाहीत. दुकानदाराचा नफाही त्याच किमतीत असतो. जुनं घड्याळ विकत घेणारा व्यापारी स्वतःचा नफा वेगळा काढतो, तो विकणाऱ्याच्या खिशातून. हेच पाच लाख सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर दहा वर्षांत ते 9 लाख 83 हजारांच्या घरात जातात. म्हणजे लॉकरमधल्या घड्याळाला नुसती बरोबरी साधायची असेल, तरी व्यापाऱ्याचा नफा वजा जाता जवळजवळ दुप्पट भाव मिळायला हवा. मोजक्या दोन-तीन कंपन्यांची मोजकी मॉडेल्स सोडली, तर बाकीची घड्याळं दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच किमतीचा मोठा हिस्सा गमावून बसतात. आणि ती मोजकी मॉडेल्स पहिल्यांदा दुकानात जाणाऱ्याला सहसा मिळतच नाहीत. आधी दुसरं काहीतरी घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

यावर उत्तर येतं, ‘सोन्याचंही तसंच आहे, मजुरी जातेच.’ तसंच नाही. सोन्याचा भाव रोज सकाळी कळतो, सिल्वासाच्या कोणत्याही पेढीवर ते मोडता येतं, आणि वजन कमी-जास्त होत नाही. घड्याळाचा असा जाहीर भाव नसतो. घेणारा भेटेल तेव्हा आणि तो देईल तो भाव. अडीनडीला, दवाखान्याच्या बिलासाठी, शनिवारी संध्याकाळी घड्याळ मोडून पाहा, म्हणजे फरक कळेल.

किमती नेहमी वाढतातच हेही खरं नाही. कोविडच्या काळात रोलेक्सच्या स्टीलच्या डेटोना, पाटेक फिलिपच्या नॉटिलस आणि ओडेमार पिगेच्या रॉयल ओक यांचे जुन्या बाजारातले भाव आभाळाला भिडले. 2022 च्या सुरुवातीला त्यांनी शिखर गाठलं आणि मग ते महिनोन् महिने उतरत राहिले. शिखरावर घेणारे ‘गुंतवणूकदार’ तिथेच अडकले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी प्लास्टिकच्या स्वॉच घड्याळांसाठी युरोपात रांगा लागत आणि लोक ती न वापरता साठवत. तोही फुगा फुटला. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार कोणी करताना दिसत नाही. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. आज शुल्क धरलेल्या किमतीत घेतलेलं घड्याळ उद्या बिनशुल्क आलेल्या नव्या घड्याळाशेजारी विकायला ठेवायचं आहे, हे लॉकरवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

पण हिशेब हा या युक्तिवादाचा सर्वांत कच्चा भाग नाही. सर्वांत कच्चा भाग आहे तो भाकिताचा. पुढे काय संग्राह्य ठरेल हे आज ओळखता येतं, या गृहीतकावर सगळा डोलारा उभा आहे, आणि घड्याळांचा इतिहास नेमका त्याच्या उलट साक्ष देतो.

रोलेक्सने डेटोना 1963 मध्ये बाजारात आणलं. त्यातली एक वेगळ्या धाटणीची डायल लोकांना पसंत पडली नाही आणि ती घड्याळं दुकानांत पडून राहिली. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांना मोटार शर्यतींचा नाद. त्यांच्या पत्नी जोअन वुडवर्ड यांनी तसलंच एक घड्याळ त्यांना दिलं आणि मागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. न्यूमननी ते वर्षानुवर्षं रोज वापरलं. 1984 मध्ये त्यांनी ते मुलीच्या तेव्हाच्या मित्राला, जेम्स कॉक्सला, सहज देऊन टाकलं. कॉक्सनेही ते मनगटावर बांधूनच अनेक वर्षं काढली. 26 ऑक्टोबर 2017 ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात ते 1 कोटी 77 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. त्या वेळच्या दराने हे शंभर कोटी रुपयांच्या वर जातात.

लॉकरवाले हे उदाहरण नेहमी पुढे करतात. त्यांनी ते पुन्हा नीट वाचावं. घेतलं तेव्हा ते कोणाला नको असलेलं मॉडेल होतं. घेणाऱ्या बाईंनी ते नवऱ्याच्या जिवाच्या काळजीने घेतलं होतं. ते झिजलं, कोरलं गेलं, भेट म्हणून हातोहात गेलं. त्याला किंमत आली ती या सगळ्यामुळे, आणि न्यूमन यांच्या नावामुळे. यातलं काहीही सीलबंद खोक्यात घडू शकत नाही. तो भाव एका माणसाच्या आयुष्याचा होता, आणि तो दुकानात विकत मिळत नाही.

नॉटिलस 1976 चं, रॉयल ओक 1972 चं. दोन्ही जेराल्ड जेंटा यांच्या हातची. स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळासारखी किंमत लावली म्हणून तेव्हा लोक बिचकले होते. शिवाय 1969 च्या डिसेंबरमध्ये सेइकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ आणलं होतं आणि पुढच्या दशकात चावीच्या घड्याळांचा धंदाच बुडायला आला. त्या काळात कोणी शहाण्या माणसाने यांत्रिक घड्याळं साठवली नसती. आज ती दुर्मीळ आहेत ती म्हणूनच. सगळ्यांनी वापरून संपवली, थोडी उरली. जे हजारो लोक एकाच आशेने एकाच वेळी जपून ठेवतात, ते पंधरा वर्षांनी हजारोंच्या संख्येने, सगळं नवंकोरं, एकदमच बाजारात येणार. त्यात दुर्मीळ काय असेल?

आपल्या घरचं उदाहरण एचएमटीचं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. नोकरी लागली, लग्न ठरलं, मॅट्रिक झाला की एचएमटी. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. बंद होण्याची बातमी फुटल्यापासूनच लोक उरलेल्या मालावर तुटून पडले आणि ऑनलाइन भाव चढले. मग मुंबईच्या जुन्या बाजारांतले कारागीर कामाला लागले. जुनी मशीनं साफ करायची, डायल नव्याने रंगवायची, कधी मूळ कंपनीने न काढलेल्या भडक रंगातसुद्धा, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला लावायचे आणि ‘व्हिंटेज’ म्हणून जगभर पाठवायचं. परदेशातल्या शौकिनांमध्ये अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडलं आहे, आणि ते कौतुकाने घेतलं जात नाही. संग्राह्य म्हणून एखाद्या वस्तूला भाव आला की तिची नक्कल येतेच, आणि मग अस्सलपणा सिद्ध करण्याचं ओझं अस्सल घड्याळाच्या मालकावर पडतं.

‘वापरलं तर किंमत उतरते’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. ओरखडे पडतात. पॉलिश केलं की कडा गोल होतात आणि जाणकार गिऱ्हाईक तेवढ्यावरून भाव पाडतो. पण न वापरता ठेवलेलं घड्याळही म्हातारं होतंच. आतलं तेल सुकतं, पाणी अडवणारी रबराची रिंग कडक होते. दमणगंगेच्या खोऱ्यातल्या चार महिन्यांच्या दमटपणाला लॉकरचं दार अडवत नाही. सर्व्हिसिंगचा खर्च बांधणाऱ्याला जितका, तितकाच ठेवणाऱ्याला. एकाला त्याच्या बदल्यात दहा वर्षांचा वापर मिळतो, दुसऱ्याला काहीच नाही.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट कायद्यात आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तू आयकर कायदा भांडवली मालमत्तेत धरत नाही. दागिने, चित्रं वगैरे अपवाद वगळता. पण वस्तू खरोखर वापरात असावी लागते. धोलपूरच्या राजघराण्याने लक्ष्मीपूजनात मांडली जाणारी सोन्याची नाणी आणि चांदीच्या लगडी या वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत असा दावा केला होता. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वर्षातून एकदा पूजेत मांडणं हा वैयक्तिक वापर नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे स्टिकरही न काढता लॉकरमध्ये ठेवलेलं घड्याळ नफ्याने विकणाऱ्याला ‘ते माझ्या वापरातलं होतं’ असं म्हणायला तोंड उरत नाही. त्यातच 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या खरेदीवर एक टक्का कर मुळातच गोळा होतो आणि पॅनवर नोंद होते.

आता दुसरा प्रतिपक्ष, आणि तो अधिक गंभीर आहे. तो म्हणतो, वेळ मोबाइलवर दिसते. ज्या गावात यार्नच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करून माणूस घर चालवतो, तिथे पाच लाखांचं घड्याळ मिरवणं हीच मुळात उधळपट्टी आहे. या माणसाशी मला वाद घालायचा नाही. त्याचा सवाल रास्त आहे आणि प्रत्येक विकत घेणाऱ्याने तो स्वतःला विचारावा. पण एवढं खरं, की या सवालाला तोंड देणं टाळण्यासाठीच गुंतवणुकीचा आधार घेतला जातो. खर्च म्हटलं की माणूस घरात विचारतो, बायकोशी बोलतो, ऐपत बघतो. गुंतवणूक म्हटलं की हप्त्यावर घेतो. ज्याची ऐपत एका लाखाची, तो पाच लाखांवर जातो, कारण ‘पैसे कुठे जाणार आहेत?’ ही फसगत मी जवळून पाहिली आहे. कर्जाचे हप्ते चालू, घड्याळ लॉकरमध्ये, आणि मनगटावर रिकामा पांढरा पट्टा.

मग घड्याळ घ्यावं कशासाठी? आनंदासाठी, आणि हे म्हणायला कोणी संकोचू नये. एखादी जुनी एचएमटी जनता हातात घ्या. डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. आत सतरा ज्युवेल्सचं मशीन. सकाळी चावी द्यायला लागलात की आधी चावी सैल फिरते, मग स्प्रिंग आवळत जाते तसा बोटाला हलकासा विरोध जाणवू लागतो आणि एका ठिकाणी ती थांबते. तिथे जोर करायचा नाही, हे बोट आपोआप शिकतं. कानाला लावलं तर सेकंदाला पाच ठोके. आधुनिक स्विस मशीनचे बहुधा आठ, म्हणून त्याचा सेकंदकाटा जवळजवळ घरंगळत जातो. सेल नाही, चार्जर नाही. शंभरच्या वर तुकडे, आणि ते सगळे हाताच्या एका हालचालीवर दिवसभर चालतात. ज्याला यात रस आहे त्याच्यासाठी ही मनाची चैन आहे, संगीताच्या मैफलीला जाण्याइतकीच. मैफलीच्या तिकिटावर परतावा किती, असं आपण विचारत नाही.

कारखान्यात चालत्या मशीनजवळ घड्याळ बांधू देत नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे. त्यामुळे इथे काम करणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ येतं ते पाळी सुटल्यावर, बाजारात जाताना, पाहुण्यांकडे, लग्नकार्यात. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वेळात. त्या वेळेला शोभा येत असेल, तर पैसे वसूल झाले.

‘मुलांना देता येईल’ हे कारणही मला पटतं, पण मग ते बांधायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत घड्याळं विकणाऱ्या वेस्ट एंडसारख्या कंपनीचं आजोबांचं घड्याळ अजून कितीतरी घरांत आहे. बाजारात त्याला फारसा भाव नाही. घरातलं कोणी ते विकत नाही, कारण आजोबांच्या हातावर ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जे वडिलांच्या मनगटावर मुलाने कधी पाहिलंच नाही, ते त्याला वारसा म्हणून कसं कळणार? तो भाव विचारील आणि विकून टाकील, आणि त्याचं काही चुकणार नाही.

म्हणून ज्यांना घ्यायचं आहे त्यांना माझं सांगणं असं. हप्त्यावर घेऊ नका. पैसे गेले असं समजून जेवढे देता येतील, तेवढेच द्या, मग ते दोन हजार असोत की पाच लाख. बाजारात काय चाललंय ते न बघता, जी डायल रोज बघायला आवडेल तीच निवडा. पावती आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा, विमा उतरवा, सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि घड्याळजीला पॉलिश करू नका असं बजावून सांगा. आणि ज्यांची घड्याळं आत्ता सिल्वासाच्या बँकांच्या लॉकरमध्ये स्टिकरसकट पडून आहेत, त्यांनी या आठवड्यात ती बाहेर काढावीत, चावी द्यावी आणि बांधून कामाला लागावं.