विहीणबाईंचा डबा

दिवाळीच्या सुटीत नात आली होती. पाच वर्षांची पोर, हाती लागेल ते उपसून पाहण्याचे वय. तिच्या आईच्या मोबाईलमधील जुने फोटो पाहता पाहता एकाएकी मला म्हणाली, “आजी, मी झाले तेव्हा काटोलची आजी आहे, आत्या आहे, तू कुठेच नाहीस. तू काहून नव्हतीस?” मी सांगितले, “तेव्हा रस्ते बंद होते.” तिचे समाधान झाले नाही. रस्ता कसा बंद होतो हे तिला कळेना, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी ते मलाही कळले नव्हते.

आमचे पांढुर्णे महाराष्ट्राच्या शिवेवर वसलेले. गाडीत बसून चहा घेईतो नरखेड येते आणि नरखेड नागपूर जिल्ह्यात. माझे माहेर सौंसर, सासूबाईंचे नरखेड, लेक दिली काटोलला. संत्र्याचे बगीचे दोन्हीकडे तेच, कपाशी तीच, बोली तीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीवर गोटमार असते, तेव्हा त्या बाजूचे पाहुणे आमच्याकडे जेवायला असतात. रोटीबेटीच्या या व्यवहारात राज्य कोणते, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आमच्या सासूबाई म्हणत, “मी लगन होऊन आली तवा नरखेड न् पांढुर्णं एकाच राज्यात होतं. मंग छप्पन साल आलं. मी त जाग्यावरून हाललीच नाई बापा, राज्यच हाललं!” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी सुटली, आणि सौंसर तहसिलीतील आम्ही मराठी मंडळी छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशातच राहिलो. राजधानी भोपाळ झाली, लेकीसुना मात्र पूर्वीप्रमाणेच ये-जा करीत राहिल्या. ती रेघ नकाशावर होती, आमच्या अंगणात नव्हती. ती अंगणात उतरली २०२० च्या मार्चमध्ये.

२२ मार्च, रविवार. जनता कर्फ्यू. सायंकाळी पाच वाजता गल्लीत थाळ्या वाजल्या. आमच्या दिरांच्या धाकट्या मुलाने एवढ्या उत्साहाने थाळी बडवली की तिला पोचा आला. पुढल्या रविवारी, २९ तारखेला, लेकीचे डोहाळजेवण ठरले होते. सातवा महिना होता. सौंसरहून माझा भाऊ मामाचा मान म्हणून हिरवी साडी आणणार होता. डोहाळजेवण आटोपून तिला बाळंतपणासाठी येथेच ठेवून घ्यायची, असा माझा बेत.

या बेतावरून आधीच थोडी कुरबुर झाली होती, तीही सांगून टाकते. फेब्रुवारीत विहीणबाईंनी फोनवर म्हटले होते, “पहिलटकरीण आहे, नागपूर आम्हाला जवळ. बाळंतपण इकडेच होऊ द्यावं का?” बोलणे काळजीचे होते, मला ते टोचले. मी म्हटले, “पहिले बाळंतपण माहेरी होते, विहीणबाई. आमच्या गावात काही रान माजलेले नाही.” त्या गप्प राहिल्या. लग्नातील मानपानापासून आमच्यात थोडे अंतर होते, ते या बोलण्याने वाढले. दोष कोणाचा, असे आज मला विचाराल तर माझाच.

२५ मार्चला गुढीपाडवा होता, आणि टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. आम्ही गुढी उभारली. साखरेची गाठी मिळाली नाही, म्हणून सासूबाईंनी लिंबाच्या डहाळीवर गुळाचा खडा बांधला. गल्लीत चिटपाखरू नव्हते. रेल्वे बंद, बसेस बंद, आणि नरखेडच्या वाटेवर पोलीस. हिरवी साडी सौंसरच्या कपाटातच राहिली. डोहाळजेवण काटोलला विहीणबाईंनी एकटीने केले. धनुष्यबाण नाही, झोपाळा नाही. पुरणाचे ताट आणि ओटीत बगीच्यातील पाच संत्री. मला त्यांनी फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि उत्तर दिले नाही.

घरी नवे संसारचक्र सुरू झाले. तीन पुरुष दिवसभर घरात असले म्हणजे काय होते ते ज्यांनी भोगले त्यांना वेगळे सांगायला नको. पहिला आठवडा कौतुकाचा. दुसऱ्यात ‘आमच्या ह्यांनी’ डाळीत मीठ किती पडते याची चौकशी आरंभली. तिसऱ्यात मी त्यांच्या हाती पोळपाट दिला. त्यांच्या पोळ्यांना महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान असे निरनिराळे आकार येत. पण भाजण्यात चूक नसे. दीर बगीच्याच्या काळजीत होते. मृगाच्या बहाराची शेवटची संत्री झाडावर होती, इसार देऊन गेलेला व्यापारी माल उचलायला फिरकला नाही, आणि कळमन्याच्या बाजाराचे आज चालू तर उद्या बंद. शेवटी हातगाडीवर घालून संत्री गावातच विकली, उरलेली वाटली. इसाराच्या रकमेवरून भावाभावांत बोलाचाली झाली आणि आठ दिवस दोघे एकाच ओसरीवर बसून एकमेकांशी बोलत नव्हते. बोलणार नाहीत तर जाणार तरी कुठे?

सासूबाईंना या साऱ्याचे विशेष वाटत नव्हते. १९१८ च्या मानमोडीच्या गोष्टी त्यांनी आपल्या सासूच्या तोंडून ऐकल्या होत्या, तेव्हा एक मढे पोचवून येईतो दुसरे तयार असे म्हणतात. मास्कला मात्र त्या शेवटपर्यंत मुसकेच म्हणाल्या. “डवऱ्याच्या बैलाले बांधतेत तसं मुसकं. बैलाचं सुटते तरी, माणसाचं सुटेना!” लेकीच्या सुखरूपतेसाठी मी जामसावळीच्या मारुतीला नवस बोलले. देऊळही बंदच, तेव्हा घरूनच हात जोडले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “तो त निजेलच हाय. त्याले कुलुपाचं काय?”

जून उजाडला. दिल्लीने मुभा दिली तरी महाराष्ट्रात जिल्ह्यात शिरायचे तर ई-पास हवा होता. आम्ही दोनदा अर्ज भरला, दोनदा नाकारला गेला. कारण काय लिहायचे? मृत्यू आणि आजारपण ही कारणे मानली जात. आईने लेकीच्या उशाशी बसणे हे कारण बहुधा कोणाच्या डोक्यात आले नसावे. मी डिंकाचे लाडू केले, अळीव भाजून दिले, आणि माझ्या लग्नातील पितळी कडीचा स्टीलचा डबा भरून ओळखीच्या भाजीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवला. भाजीला शीव नव्हती. डब्यावर माझे नाव कोरलेले आहे, हे एवढ्यासाठी सांगते की पुढे त्याचे काम आहे.

चौथ्या दिवशी नात झाली. नागपूरच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर रात्रभर विहीणबाई बसून होत्या. पहाटे त्यांचा फोन आला. “मुलगी झाली, दोघी सुखरूप. लाडू पोचले, पण तिला अजून देत नाही, डॉक्टरांना विचारते.” आणि थोडे थांबून, “तुमच्या वाटचं मी करते आहे. चुकलं तर सांगा.” फेब्रुवारीतले माझे वाक्य त्यांना आठवत असणारच. त्यांनी ते काढले नाही. मला मात्र उभे राहवेना.

बाराव्या दिवशी बारसे फोनवर पाहिले. आत्याने पाळण्यात वाकून ‘कुर्रर्र’ केले आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र गोठले. नाव आम्हाला अर्ध्या तासाने कळले. तोवर सासूबाईंनी स्वतःच्या मनाने एक नाव ठेवून टाकले होते, आणि पोरीला त्या अखेरपर्यंत त्याच नावाने हाका मारीत राहिल्या.

जुलैत आमच्याकडे सरकारी शाळा घरी भरू लागली. ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ असे तिचे नाव. सकाळी दहाला घरच्यांनीच घंटा किंवा थाळी वाजवायची आणि मुलाने अभ्यासाला बसायचे. मार्चमध्ये पोचा आलेली थाळी पुन्हा कामी आली. शिकवणारे आम्हीच, हिंदी माध्यमाची गणिते मराठी घरात सोडवताना ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक हे ह्यांना तीन दिवसांनी उमगले.

२ सप्टेंबरला महाराष्ट्राने पासाची अट उठवली आणि त्याच आठवड्यात आम्ही काटोलला गेलो. तीन महिन्यांची नात प्रथम हाती घेतली. अंगणातच बसलो, अंतर ठेवून, तासाभरात परतलो. गडबडीत डबा राहिला. विहीणबाई फाटकातून म्हणाल्या, “रिकामा कसा देऊ? पुढच्या खेपेला भरून देते.”

ती पुढची खेप लवकर आली नाही. सासूबाईंना पडून दुखापत झाली, हिवाळा त्यात गेला. मग २०२१ चा मार्च आला आणि नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. २० मार्चपासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी बसेस बंद केल्या. पाडव्यानंतर आठवड्यातच जावईबापूंचा फोन आला: आईला नागपूरला भरती केले आहे, आम्ही दोघेही तापाने आहोत, बाळाला बघायला कोणी नाही.

या खेपेला मी अर्ज भरला नाही. पहाटे चार वाजता ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले आणि बगीच्यांमधील पांदणीने, धुळीतून, आम्ही शीव ओलांडली. नियमभंगच तो, आणि इतर कोणी तसे करावे असे मी म्हणणार नाही. अर्ध्या वाटेवर एका शेतकऱ्याने विचारले, “कोठं?” हे म्हणाले, “लेकीकडे.” त्याने बैल बाजूला घेतले.

एकोणीस दिवस मी विहीणबाईंचे घर चालवले. लेक माडीवर. तोंडाला फडके बांधून, हात धुऊन तिने बाळाला पाजायचे आणि लगेच माझ्याकडे द्यायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दहा महिन्यांची पोर रात्री आजीला शोधायची. मला नव्हे, त्यांना. परक्या स्वयंपाकघरात हळद कोठे, हिंग कोठे! तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचाच फोन आला. धाप लागत होती. आम्ही दोघी तब्येतीचे काहीच बोललो नाही. त्या म्हणाल्या, “नाचणीचं सत्त्व जाळीच्या कपाटात आहे, पोरीला सकाळी द्या. गूळ कमी घाला.” आणि मग, “वरच्या फळीवर तुमचा डबा आहे. कुरड्या केल्या होत्या मार्चमध्ये, भरून ठेवल्यात. नेताना विसरू नका.” मी म्हटले, “तुम्ही या, मग तुमच्याच हातून घेते.” फेब्रुवारीच्या त्या बोलण्याची माफी मागायची होती, ती फोनवर कशी मागावी म्हणून ठेवून दिली.

पाचव्या दिवशी त्या गेल्या. लसीचा एक डोस झाला होता, दुसरा राहिला होता. घरी आणले नाही. जावईबापूंना ताप, म्हणून धाकटे दीर गेले आणि दुरून पाहून आले. दहावा, तेरावा जे काही झाले ते चार माणसांत. ताट मी वाढले. विहिणीच्या पानावर काय आवडते म्हणून वाढायचे, हे मला ठाऊक नव्हते, लेकीने माडीवरून ओरडून सांगितले, “आईंना भरलं वांगं.”

लेक बरी झाली, मी घरी परतले. डबा आणला. कुरड्या पांढऱ्याशुभ्र होत्या, एकही मोडलेली नाही. कित्येक दिवस झाकण लावून तशाच ठेवल्या. अखेर सासूबाईच म्हणाल्या, “खायाले देल्ल्या हाये तिनं, पाह्याले नाई.” मग नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तळल्या.

त्यानंतर पांढुर्णे २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाले आणि सौंसरही त्यात आले. सासूबाई हे पाहायला राहिल्या नाहीत. असत्या तर पुन्हा राज्य हलले की काय म्हणून विचारले असते. डबा दरवर्षी दोन खेपा करतो. उन्हाळ्यात सरगुंडे भरून इकडे येतो, दिवाळीत चकल्या भरून तिकडे जातो, आणि भरायचे काम आता लेक करते. यंदाही निघताना तो पिशवीत होता. नातीला नुकतीच अक्षरे जुळवता येऊ लागली आहेत. तिने डब्यावरचे कोरीव नाव बोटाने गिरवीत वाचले आणि मान वर करून म्हणाली, “आजी, यावर तर तुझं नाव आहे. मग हा आमच्या घरी काहून राहते?”