एक जुनें विलायती चित्र

आमच्या मेजावर एका जुन्या विलायती चित्राची प्रतिकृति पडली होती. घरांतील आठ वर्षांची मुलगी ती न्याहाळून म्हणाली, "या घोडेस्वारांच्या हातांत कुऱ्हाडी कशा?" उत्तर देणें आम्हांस वाटलें तितकें सोपें गेलें नाहीं.

चित्र जॉर्ज क्रूकशँक याचें, सन १८१९ मधील. त्या वर्षीं १६ ऑगस्ट रोजीं मँचेस्टर शहरीं सेंट पीटर्स फील्ड नामक मोकळ्या जागीं सुमारें ६०,००० लोक जमले. एवढें मोठें शहर, पण पार्लमेंटांत त्याचा स्वतःचा एकहि प्रतिनिधि नव्हता. प्रतिनिधित्व व मताधिकार मिळावा ही लोकांची मागणी. सणासुदीस निघावें तसे चांगले कपडे घालून, बायकामुलांसह ते आले होते. हेन्री हंट बोलूं लागतो न लागतो तोंच मॅजिस्ट्रेटांनीं त्यास पकडण्याचा हुकूम सोडला, व आधीं स्थानिक स्वयंसेवक घोडदळ आणि मागाहून सरकारी फौजेचे स्वार गर्दींत घुसले. सुमारें १८ माणसें दगावलीं, शेंकडों जखमी झालीं. वॉटर्लूच्या लढाईस चारच वर्षें झालीं होतीं. तिच्यावरून उपहासानें या प्रसंगास 'पीटर्लू' हें नांव पडलें.

आतां कुऱ्हाडींविषयीं. खऱ्या स्वारांपाशीं तलवारी होत्या, व त्यांना त्याच उन्हाळ्यांत धार लावून घेतली होती. कुऱ्हाडी चित्रकाराच्या. स्वयंसेवक पथकांतील हे स्वार कोणी परके नव्हते; गांवांतीलच दुकानदार, कारखानदार व त्यांचे मुलगे. क्रूकशँकनें त्यांना खाटीक केलें, आणि एकाच्या तोंडीं असा उपदेश घातला कीं, जितके अधिक माराल तितकी गरिबांच्या पोषणाची पट्टी तुम्हांस कमी भरावी लागेल. पट्टी भरणाराचें गणित इतक्या नेमकेपणानें क्वचितच कोणीं मांडलें असेल!

मग हें चित्र खोटें म्हणावयाचें काय? राजप्रतिनिधीच्या वतीनें गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांनीं मॅजिस्ट्रेटांचे आभार मानले. हंट यास पुढें अडीच वर्षांची शिक्षा झाली. आभारपत्रांत जखमा मोजीत नसतात. चित्रांत मात्र घोड्यांच्या पायांशीं मूल कवटाळलेली एक स्त्री आहे. जमावांत स्त्रिया अष्टमांशच असाव्यात. जखमींच्या याद्यांत त्या सुमारें चतुर्थांश भरतात. पहिला बळी तर दोन वर्षांचा मुलगा. तो मैदानावर नव्हताच. तिकडे दौडत निघालेल्या एका स्वाराचा धक्का लागून तो आईच्या हातून रस्त्यावर पडला.

त्याच वर्षीं रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकानें दुसरें चित्र काढलें, व तें हंटबरोबर मँचेस्टरच्या सुधारणावादी स्त्रियांसहि अर्पण केलें. त्यांत व्यासपीठावर निशाण घेऊन उभी आहे ती बहुधा त्या स्त्रियांच्या संस्थेची अध्यक्षा मेरी फाइल्ड्स असावी. ती जखमी झाली, पण वांचली. उतारवयांत तिनें आपला नातू ल्यूक यास वाढविलें, व तो पुढें नामांकित चित्रकार झाला. 'दि डॉक्टर' हें त्याचें १८९१ सालचें चित्र पुष्कळ वाचकांनीं डॉक्टरांच्या खोलींत पाहिलें असेल: गरिबाची झोपडी, दोन खुर्च्यांवर निजविलेलें आजारी मूल, शेजारीं हनुवटीस हात लावून बसलेला डॉक्टर.

आम्हीं तेंहि मुलीपुढें ठेविलें. बराच वेळ पाहून तिनें विचारलें, "हें मूल बरें होतें ना?"