बंपर निघतो का?

मागच्या गॅदरिंगला रोबो-सॉकरमध्ये आमचा रोबो सेमीफायनल न खेळताच बाहेर पडला. बॅटरीची वायर निसटली होती. लावायला दहा सेकंद पुरे. पण मध्ये बंपर होता आणि तो आम्ही रिव्हेट मारून कायमचा बसवला होता. "आता बघ, हत्तीने ओढला तरी निघणार नाही," असं आदल्या रात्री मीच रूममेटला ऐकवलं होतं! ग्राइंडर मिळेपर्यंत समोरच्यांना वॉकओव्हर.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. जो बंपर काढता येत नाही, तो नीट बसवलेलाच नाही.

अमेरिकेत १९९२ पासून शाळकरी मुलांसाठी 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' भरते. मुंबईतल्या मुलांच्या टीमही तिथे उतरल्या आहेत. तिथे लाल आणि निळी अशा दोन बाजू. मॅचगणिक बाजू बदलते, तसा बंपरचा रंगही बदलावा लागतो. काहीजण दोन सेट बाळगतात, काहीजण उलटवता येणारं कापड लावतात. रोबोच्या वजनातही बंपर धरत नाहीत. म्हणजे तो निघायलाच हवा. त्यांच्या नियमपुस्तकातला ठोकताळा असा, की दोघांनी पाच मिनिटांच्या आत काढावा किंवा बसवावा. आणि जुगाड चालत नाही. वेल्क्रो, चिकटपट्टी, झिपटाय सगळं बाद!

कोणी म्हणेल, काढता येतो म्हणजे ढिला असणार. इथेच आपली गल्लत होते. धडक बोल्टने सोसायची नसते, फ्रेमने सोसायची असते. बंपरचं प्लायवूड फ्रेमला पाठ टेकून बसलं पाहिजे; बोल्टने फक्त जागेवर धरायचं. प्लायवूडच्या मागे एल-अँगल लावा, तो फ्रेमवर टेकवा आणि वरून बोल्ट घाला. लाकडात थेट स्क्रू नको, चारदा काढला की भोक सैल होतं, टी-नट ठोका. अँगल आणि फ्रेम क्लॅम्प करून भोकं एकदमच पाडा, म्हणजे ऐन वेळी जुळवाजुळव नको. आणि सगळे बोल्ट एकाच पान्याचे.

पण हे शेवटच्या रात्री सुचून उपयोग नाही. चेसिसच्या पहिल्या ड्रॉइंगमध्येच बंपरची जागा हवी.

सरांना एकच विनंती. पुढच्या वर्षी तपासणीच्या टेबलावर प्रत्येक टीमला सांगा, "बंपर काढून दाखवा." रांगेत आम्ही पहिले असू, पाना खिशातच असेल!