पुरस्कार मंचावर, जोखीम गावात

माहितीपटांच्या पुरस्कारांत 'संस्कृतींमधला संवाद' हा शब्द फार चालतो. काही पुरस्कार तर याच नावाने दिले जातात. ऐकायला गोड आहे. पण संवादाला दोन बाजू लागतात. एक बाजू कॅमेऱ्यामागे, दुसरी कॅमेऱ्यापुढे, आणि पुढच्या बाजूने हरकत घेतली की सगळे गप्प! याला आम्ही संवाद कसा म्हणायचा?

'रायटिंग विथ फायर' आठवा. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या बुंदेली पत्राच्या दलित पत्रकार भगिनींवरचा हा माहितीपट. दिग्दर्शक रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष. २०२१ च्या सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, २०२२ साली ऑस्करचे नामांकनही मिळाले. आम्हीही आनंदलो. मीरा, सुनीता, श्यामकली हातात मोबाईल घेऊन पोलीस ठाण्यात सवाल विचारतात, ते पाहून कोणाची छाती फुगणार नाही?

मग ऑस्कर सोहळा आठवड्यावर असताना 'खबर लहरिया'नेच निवेदन काढले. चित्रपट प्रभावी आहे, हे त्यांनी मान्य केले. पण आमची संस्था जणू एकाच पक्षाच्या मागे लागली आहे असे त्यात दिसते, ते खरे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उत्तर प्रदेश विधानसभेचा निकाल १० मार्चला लागलेला, आणि हे निवेदन त्यानंतर दहा-अकरा दिवसांत आलेले. या तारखांकडे दिल्ली-मुंबईच्या किती समीक्षकांनी लक्ष दिले?

दिग्दर्शकाची नजर स्वतंत्र असते, चित्रपट म्हणजे संस्थेचे माहितीपत्रक नव्हे, असा युक्तिवाद होतो. तो आम्हाला मान्य आहे. कित्येक वर्षे चित्रीकरण करणाऱ्यांची मेहनतही आम्ही नाकारत नाही. प्रश्न जोखमीचा आहे. दिग्दर्शक पुढच्या चित्रपटाकडे वळतो. त्या भगिनींना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच ठाणेदारासमोर, त्याच सरपंचाच्या दारात बातमीसाठी उभे राहायचे असते. सगळ्या पक्षांना प्रश्न विचारणारी बाई, हीच तिथली त्यांची ढाल. ती पडद्यावर पातळ झाली तर त्याची भरपाई कोणता पुरस्कार करणार?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले ते आमच्याविषयी कोणी लिहीत नव्हते म्हणून नव्हे. लिहिले जात होतेच, पण ते दुसऱ्याच्या सोयीने. 'खबर लहरिया' त्याच वाटेवरचे. म्हणजे स्वतःचे माध्यम उभे करणाऱ्या बायांनाही अखेर दुसऱ्याच्या माध्यमात आपली ओळख दुरुस्त करून मागावी लागली.

आणखी एक. जात ही 'संस्कृती' नव्हे. दोन संस्कृतींत गैरसमज असतात, म्हणून ओळख करून द्यावी लागते. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांवर ज्यांनी लाठ्या चालवल्या, त्यांचा आपल्याविषयी कसलाही गैरसमज नव्हता. ते आपल्याला पुरते ओळखत होते. तेव्हा अत्याचाराला 'सांस्कृतिक वेगळेपण' म्हणून परदेशी प्रेक्षकांपुढे मांडणे ही जातीला दिलेली सवलतच आहे.

बाहेरच्याने आपल्यावर चित्रपट करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आनंद पटवर्धनांनी रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरुवात करून चौदा वर्षे 'जय भीम कॉम्रेड' केला आणि तो वस्त्यावस्त्यांत नेऊन दाखवला. त्यावरही आपल्यात कडाक्याचे वाद झाले, होऊ देत! वाद घालायला लोक समोर होते, हे महत्त्वाचे.

म्हणून संवादाच्या नावाने पुरस्कार देणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. प्रवेश अर्जात दोन रकाने वाढवा. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांनी तो कधी पाहिला? त्यांचे म्हणणे काय आहे? ते म्हणणे त्यांच्याच भाषेत, त्यांच्या सहीने जोडा आणि पुरस्काराच्या दिवशी मंचावरून वाचून दाखवा. परीक्षकांच्या खुर्चीत आपली माणसे किती, हे आम्ही त्यानंतर विचारूच.